रिटर्न छापता, तसं पैसे कुठे जातात तेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोमवारच्या अर्थ पुरवणीचा मी जुना वाचक आहे, चहाबरोबर आधी तीच उघडतो, आणि म्हणूनच जरा तक्रारीच्या सुरात लिहितोय, राग मानू नका. पुरवणीत कोष्टक असतं, कुठल्या फंडाने एका वर्षात किती दिले, तीन वर्षांत किती, पाच वर्षांत किती, आणि खाली सल्ला की करोडपती व्हायला महिन्याला किती टाकायचे. ठीक आहे, लोकांना ते हवंच असतं. पण ते पैसे जातात कुठे, कुठल्या कंपनीत, ती कंपनी बनवते काय, सांडपाणी कुठे सोडते, कामगारांना कसं वागवते, याबद्दल एक ओळ पण कधी नसते. २०२५ मध्ये देशभरातून नुसत्या एसआयपीने, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात टाकून, महिन्याला २५ हजार कोटींच्या वर पैसे जात होते. आपल्यासारख्यांच्या खात्यातून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गपचूप कापले जाणारे हे पैसे, आणि पुढचा त्यांचा पत्ता आपल्यालाच माहीत नाही, हे मला तरी विचित्र वाटतं.

आधीच सांगून टाकतो, मी डोंबिवलीत म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, कमिशनवर घर चालतं, त्यामुळे कोणी साधुसंत म्हणून हे लिहीत नाहीये. माझे क्लायंट म्हणजे डॉक्टर, सीए, आयटीवाले, बँकेतून रिटायर झालेले काका-काकू, सगळी शिकलेली मंडळी. भाजी घेताना प्लास्टिकच्या पिशवीवरून भाजीवाल्याला लेक्चर देतील, आणि दहा लाख टाकताना प्रश्न एकच, "किती टक्के सुटतील?"

आमच्या ओळखीच्या एक डेंटिस्ट मॅडम आहेत. त्यांच्याकडे गुटखा-मावा खाऊन तोंड तीन बोटं सुद्धा उघडत नाही असे पेशंट येतात, वय बावीस, चोवीस. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण ती कशी आहे ते टपरीवर जाऊन बघा. क्लिनिकच्या भिंतीवर तंबाखूविरोधी पोस्टर, शाळांमध्ये जाऊन फुकट कॅम्प घेतात, मनापासून काम करणारी बाई. त्यांची एसआयपी निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहे, म्हणजे निफ्टी या निर्देशांकात ज्या पन्नास मोठ्या कंपन्या आहेत त्याच घेणाऱ्या फंडात. एकदा दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांनीच विचारलं की यात नक्की कुठल्या कंपन्या असतात हो, म्हणून मी मोबाईलवर त्या फंडाची महिन्याची पोर्टफोलिओ शीट उघडली. प्रत्येक फंड हाऊसला ती दर महिना संपला की दहा दिवसांत वेबसाईटवर टाकावीच लागते, कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी. मॅडम बोटाने खाली खाली सरकवत गेल्या, बँका, रिलायन्स, आयटी कंपन्या, आणि मग आयटीसी. "म्हणजे ती सिगारेटवाली?" म्हटलं हो, बिस्किटं आणि आटा पण त्यांचाच. "किती आहे यात?" शंभर रुपयांतले तीन-चार रुपये. मॅडम काही बोलल्या नाहीत, फोन परत दिला, पेशंटला आत बोलावलं.

आणि हे फक्त त्यांचं नाही. नोकरदार माणूस म्हणेल मी तर शेअर बाजाराच्या वाऱ्याला उभा राहत नाही. अहो पण तुमचा पीएफ उभा आहे ना. पीएफ सांभाळणारी ईपीएफओ २०१५ पासून ईटीएफमध्ये, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडांत, पैसे घालते, २०१७ पासून नव्या जमेतल्या १५ टक्क्यांपर्यंत, त्यात निफ्टी-सेन्सेक्सचे ईटीएफ आहेत, आणि दोन्हीकडे आयटीसी आहे. एलआयसीची पॉलिसी तर घराघरात, आणि एलआयसीकडे आयटीसीचे साधारण १५ टक्के शेअर आहेत. म्हणजे सरकार एका हाताने सिगारेटच्या पाकिटावर कॅन्सरचं चित्र छापायला लावतं आणि दुसऱ्या हाताने सरकारी विमा कंपनी त्याच पाकिटाचा डिव्हिडंड घेते. २०१७ मध्ये यावरून मुंबई हायकोर्टात जनहित याचिका पण झाली होती, की सरकारी विमा कंपन्यांनी लोकांचे पैसे तंबाखूत का घालावेत. पेपरात तेव्हा बातम्या आल्या, चार दिवस चर्चा झाली, मग सगळे विसरले. टाटा मेमोरियलच्या बाहेर परळला फुटपाथवर झोपलेले पेशंटचे नातेवाईक बघा कधी, त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी एलआयसीची पॉलिसी असेल.

आता कोणी म्हणेल धंदा कायदेशीर आहे, निपाणीकडचा तंबाखूचा शेतकरी त्यावर जगतो, त्याचं काय. मुद्दा खोटा नाही. १९८१ च्या निपाणीच्या आंदोलनात शेतकरी रस्त्यावर आले ते भावासाठीच, आणि विड्या वळणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. मी बंदी घाला म्हणत नाहीच. मी म्हणतोय की डेंटिस्टला तिचा पैसा कुठे आहे ते माहीत असावं, नंतर ठेवायचा की काढायचा ते तिचं ती ठरवेल. माहीत नसताना घेतलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

यावर लोकांना वाटतं की उपाय सोपा आहे, ईएसजी फंड घ्या आणि मोकळे व्हा. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार, या तीन गोष्टी बघून पैसे घालायचे. इथे जरा थांबायला हवं. ज्या आयटीसीबद्दल बोलतोय तिला एमएससीआय या मोठ्या रेटिंग कंपनीने वर्षानुवर्षं डबल ए दिलेलं आहे, म्हणजे वरून दुसरी पायरी. ऐकून माणूस चक्रावतो. पण त्यात लबाडी नाही, ते रेटिंग मोजतंच वेगळं काहीतरी. कंपनी पाणी किती वाचवते, झाडं किती लावते, बोर्ड कसं चालतं, आणि या सगळ्यातून कंपनीच्या नफ्याला धोका किती, हे त्यात मोजतात, आणि तेही त्याच धंद्यातल्या इतरांशी तुलना करून. सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं काय होतं हा प्रश्न त्यात फारसा बसत नाही. त्यामुळे रेटिंग चांगलं म्हणजे कंपनी चांगली असं समजून कोणी पैसे टाकत असेल तर त्याने तसं करू नये. २०२३ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, या रेटिंगवाल्यांना रजिस्टर व्हायला लावलंय, तेवढं बरं झालं.

फंडांचं बघा. २०१८ ला एसबीआयने आपला जुना मॅग्नम इक्विटी फंड ईएसजी करून टाकला, २०२० च्या आसपास तर लाटच आली, जो तो नवीन ईएसजी फंड काढतोय, आमच्यासारख्यांना रोज वेबिनारचं आमंत्रण. पुढे २०२२ नंतर कोळसा, सरकारी कंपन्या, डिफेन्स हे शेअर पळाले आणि ईएसजीवाले मागे राहिले, लोकांनी पैसे काढायला सुरुवात केली. आज हे फंड बोटावर मोजण्याइतके आहेत आणि आमच्या धंद्याच्या ७० लाख कोटींच्या वरच्या पसाऱ्यात त्यांचा पैसा म्हणजे चिमूटभर. जुलै २०२३ मध्ये सेबीने नियम कडक केले ते मात्र चांगले आहेत. फंडाने सांगायचं की सहापैकी कुठली पद्धत वापरतो, म्हणजे काही धंदे वगळतो, का त्यातल्या त्यात बरे निवडतो, का सुधारणाऱ्या कंपन्यांना पैसे देतो वगैरे, आणि नावाला जागून ८० टक्के पैसा त्याच पद्धतीने घालायचा. म्हणजे आता तुम्ही विचारू शकता, "तुमचा फंड वगळणारा का सुधारणारा?" विचारून बघा, तुमचा रिलेशनशिप मॅनेजर गडबडतो की नाही. निफ्टी १०० ईएसजी निर्देशांकात तंबाखू, दारू, जुगार, वादग्रस्त शस्त्रं बसत नाहीत, पण तेल किंवा सिमेंट बसू शकतं. कोणाला ते चालेल, कोणाला नाही चालणार.

रिटर्नबद्दल खोटं बोलणार नाही. आमच्या लाईनीत काही जण सांगतात की नीतीने गुंतवा, पैसे पण जास्त मिळतात. कधी मिळतात, कधी नाही मिळत. कोळशाच्या शेअरने चांगला डिव्हिडंड दिला त्या वर्षी तुम्ही मागे राहणार हे उघड आहे. चंद्रपूरच्या माणसाला विचारा त्या डिव्हिडंडची दुसरी बाजू काय असते, खाणी आणि २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र यांच्या मधोमध तो राहतो. एखाददोन टक्के कमी मिळाले तर चालतील का, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या परिस्थितीप्रमाणे ठरवावं. ज्याची पोरगी लग्नाची आहे आणि पेन्शन नाही त्याला मी नीतीचे धडे देत नाही. पण ज्यांचे दोन फ्लॅट झालेत, पोरं अमेरिकेत सेटल आहेत, त्यांनी तरी विचार करायला काय हरकत आहे? आणि पगार चांगला असलेली तिशीतली मुलं, त्यांच्याकडे तर तीस वर्षं आहेत.

नैतिक चाळणी लावून फंड चालतच नाही असंही कोणी म्हणू नये. टाटा एथिकल फंड कितीतरी वर्षं शरियाच्या नियमाने चालतोय, व्याजाचा धंदा नको, दारू नको, आणि घेणारे सगळे काही मुसलमान नाहीत. आमच्याकडचे जैन व्यापारी तर फंड न घेता स्वतःच यादी करतात, मांस, दारू, चामडं बाद. म्हणजे चाळणी लावणं हे परदेशी फॅड नाही, आपल्याकडची माणसं धर्माच्या नावाने ते करतातच, बाकीच्यांनी विवेकाच्या नावाने केलं तर बिघडलं कुठे?

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आम्ही डोंबिवलीकर. आमच्या एमआयडीसीचं नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ताच गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री बघायला आले. मे २०१६ ला मोठा स्फोट, मे २०२४ ला परत स्फोट, दोन्ही वेळा माणसं गेली. काचा फुटल्यावर नगरसेवक येतात, फोटो काढतात, कंपन्या हलवणार म्हणतात. या छोट्या केमिकल कंपन्या काही शेअर बाजारात नाहीत, म्हणजे आपला पैसा त्यांच्यात थेट नाही. पण अशा ठिकाणचा माल जातो कोणाकडे? औषधवाले, रंगवाले, कपडेवाले, आणि त्यातले मोठे बाजारात आहेत, आपल्या फंडात आहेत.

इथे सेबीचा एक कागद कामाला येतो, बीआरएसआर, म्हणजे कंपनीने आपल्या जबाबदारीबद्दल आणि पर्यावरणाबद्दल द्यायचा अहवाल. शेअर बाजारातल्या टॉप १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून तो भरावाच लागतो. नाव रुक्ष आहे पण आत मसाला आहे. वीज किती वापरली, पाणी कुठून घेतलं, कचरा किती झाला, कामगार पर्मनंट किती आणि कॉन्ट्रॅक्टवर किती, बायकांना पगार किती आणि पुरुषांना किती, अपघातात किती माणसं मेली, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या. सगळं फुकट, कंपनीच्या वार्षिक अहवालात किंवा एनएसई-बीएसईच्या साईटवर. मी कधीकधी क्लायंटला समोर बसवून उघडून दाखवतो. एका आयटीवाल्या पोराने कॉन्ट्रॅक्ट कामगारांचा आकडा बघून स्वतःच्याच कंपनीचा अहवाल उघडला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी बोललाच नाही. या आकड्यांपैकी मुख्य आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायची सक्ती पण टप्प्याटप्प्याने आलीये, आधी १५० कंपन्या, मग २५०, मग ५००.

पण गोम अशी की हे सगळं कंपनीच्या कंपाउंडच्या आतलं. तिला माल पुरवणाऱ्याने नाल्यात काय सोडलं ते सांगायचा नियम सेबी आणणार होती, मोठ्या कंपन्यांसाठी, मग कंपन्यांनी कुरकुर केली आणि मार्च २०२५ मध्ये तो ऐच्छिक करून टाकला. ऐच्छिक म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं, विधिमंडळात गाजलं, समिती बसली. मग २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की तिथल्या कारखान्यांची साखर कोक-पेप्सीसारख्या कंपन्यांच्या पुरवठ्यात जाते. आपल्या गावच्या बाईचं दुखणं आपल्याला न्यूयॉर्कवरून कळतं. साखर, केमिकल, कापूस, सगळ्यांची गोष्ट हीच, घाण साखळीच्या शेवटच्या टोकाला आणि चकचकीत अहवाल या टोकाला. म्हणून मला वाटतं की नैतिक गुंतवणुकीवर बोलणाऱ्या सीए लोकांनी, आणि त्यांच्या सेमिनारमध्ये तर हल्ली ईएसजी हा शब्द येतोच येतो, या एका नियमासाठी सेबीला लिहावं. सर्टिफिकेटचं काम वाढेल, फी पण मिळेल, त्यांचाही फायदाच आहे की!

बरं, शेअर विकून टाकले म्हणजे झालं का? ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण आहे. वेदांता कंपनीच्या बॉक्साइटच्या खाणीवरून नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ ला शेअर काढून टाकले, चर्च ऑफ इंग्लंडने २०१० ला. जगभर नाचक्की झाली, पण त्याने खाण अडली नाही. अडवली ती तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटल्यावर बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं तेव्हा. त्यामुळे शेअर विकणारा स्वतःचे हात स्वच्छ ठेवतो, तेही काही वाईट नाही, पण आत राहून बोलणारा पण लागतो.

आणि बोलायची सोय आहे. तुमच्याकडे एखाद्या कंपनीचा एक शेअर जरी असला तरी एनएसडीएल नाहीतर सीडीएसएलचं, म्हणजे आपले शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या संस्थांचं, ई-व्होटिंगचं मेल येतं. किमान तीन दिवस मतदान चालू असतं, सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद. निवडणुकीत मत दिलं नाही म्हणून पोरांना ओरडणारे आपण, हे मेल न उघडता डिलीट करतो. त्याने फरक पडत नाही असं समजू नका. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने परदेशातल्या मूळ कंपनीला रॉयल्टी वाढवून द्यायचा ठराव आणला, त्यावर मूळ कंपनीला स्वतःला मत देता येत नव्हतं, आणि बाकीच्यांनी ५७ टक्के मतं विरोधात टाकून तो पाडला. हा काही पर्यावरणाचा ठराव नव्हता, पैशाचाच होता, हे मान्य. पण पडतो, एवढं तर कळलं. फंडवाल्यांना तर एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं, आणि कशाला हो म्हटलं, कशाला नाही, का, हे वेबसाईटवर टाकावं लागतं. मी ती यादी वाचतो. बायको म्हणते तुला दुसरं काम नाही.

ज्यांना शेअर बाजार नकोच त्यांच्यासाठी पण आता वाटा आहेत. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून ग्रीन डिपॉझिटचे नियम लागू केले. एफडीच ती, पाच लाखांपर्यंत विमा नेहमीसारखाच, फक्त बँकेने तो पैसा सौर, पवन, स्वच्छ वाहतूक, पाणी असल्या कामांनाच द्यायचा, कोळसा-तेल, दारू, तंबाखू, शस्त्रं, जुगार यांना नाही, आणि दरवर्षी बाहेरच्याकडून तपासून घ्यायचं. स्टेट बँकेची ११११ दिवसांची, १७७७ दिवसांची आणि २२२२ दिवसांची आहे. व्याज किंचित कमी मिळतं, आणि शाखेत विचारलंत तर काउंटरवरचा माणूस दुसऱ्याला विचारायला आत जाईल, एवढी तयारी ठेवा. केंद्र सरकारने पण जानेवारी २०२३ पासून ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे, काढलेत, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडून आपल्यासारख्यांना सरकारी रोखे घेता येतात. सोशल स्टॉक एक्सचेंज पण आहे, तिथे सामाजिक संस्थांना पैसे देता येतात, आता हजार रुपयांपासून, पण ते परत मिळत नाहीत, व्याज नाही, मुद्दल नाही, दानच समजायचं. एका काकांना हे समजावलं तर म्हणाले, "मग त्याला एक्सचेंज कशाला म्हणायचं, देणगीची पावती द्या ना!"

इंदूरचं मात्र मला कौतुक आहे, होळकरांच्या गावाचं. तिथल्या महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचा ग्रीन बाँड काढला, कशासाठी, तर नर्मदेचं पाणी उपसून शहरात आणायला जी वीज जळते तिच्यासाठी जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प. व्याज सव्वाआठ टक्के. आणि तो साध्या माणसांना पण खुला होता, दहा हजारांपासून. जवळजवळ सहापट मागणी आली. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये २०० कोटींचा ग्रीन बाँड काढला, त्यालाही पाचपट मागणी, फार छान, पण घेतला तो मोठ्या संस्थांनी. पिंपरीत राहणाऱ्या माणसाला आपल्याच शहराच्या कामात दहा हजार टाकायला जागा नव्हती. का नसावी? माणसाचे स्वतःचे पैसे अडकले की तो काम कुठवर आलं ते बघायला जातो, आणि बहुतेक हेच नको असतं. नदीकाठ सुधारणेच्या नावाने झाडं तोडण्यावरून पुण्या-पिंपरीत लोक रस्त्यावर आलेच होते, त्यातल्या शंभर जणांकडे नदीच्या कामाचा बाँड असता तर पालिकेला पत्राचं उत्तर तरी द्यावं लागलं असतं. हिरवं नाव आहे म्हणून काम हिरवंच असेल असं नाही. पवनचक्की म्हटलं की आता बीडकडच्या माणसाला खंडणी आठवते, वीज नाही.

आणि एक सावधगिरी, कारण हे पत्र वाचून कोणी भलत्याच ठिकाणी पैसे घालायला नको. आपल्याकडे निसर्गाच्या नावाने जेवढी फसवणूक झाली तेवढी क्वचितच कशाच्या नावाने झाली असेल. नव्वदच्या दशकात सागवान, एक झाड घ्या, वीस वर्षांनी लाख रुपये. मग शेळ्या, मग इमू, २०१९ ला सांगलीकडे कडकनाथ कोंबड्या. सगळ्यांच्या पत्रकावर हिरवी पानं आणि शेतकऱ्याचा हसरा फोटो. आता त्याच जागी सोलर पार्कमध्ये भागीदारी आणि कार्बन क्रेडिटच्या स्कीमा व्हॉट्सॲपवर फिरतायत, महिन्याला पाच टक्के हमखास. हमखास शब्द दिसला की पुढे वाचूच नका. सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि तो सेबीच्याच साईटवर टाकून बघा, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. परदेशातल्या मोठ्या नावांनी पण हे केलंय, जर्मनीच्या डीडब्ल्यूएस फंड कंपनीला ईएसजीच्या बढाया मारल्या म्हणून अमेरिकेत २०२३ ला १ कोटी ९० लाख डॉलर दंड झाला, मग त्यांच्याच देशात २०२५ ला अडीच कोटी युरो. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हिरव्या जाहिरातींसाठी नियम केलेत, पुराव्याशिवाय इको-फ्रेंडली म्हणायचं नाही असे. अंमलबजावणी बघू.

डेंटिस्ट मॅडमचं काय झालं असं कोणी विचारेल. त्यांनी जुनं काही विकलं नाही, टॅक्स लागतो. पुढची एसआयपी मात्र तंबाखू वगळणाऱ्या फंडाकडे वळवली, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर पोर्टफोलिओ शीट टाकली. तिथे भांडणच झालं म्हणे. एक सर्जन म्हणाले असं बघत बसलं तर औषध कंपन्यांचे शेअर पण विकावे लागतील. मॅडमनी लिहिलं, मग त्यांचा पण बीआरएसआर उघडू या की.

संपादक महोदय, माझी मागणी फार मोठी नाही. पुरवणीतल्या कोष्टकात रिटर्नच्या तीन रकान्यांशेजारी तीन रकाने वाढवा. त्या फंडातल्या पहिल्या पाच कंपन्या कुठल्या, फंड कुठले धंदे वगळतो की काहीच वगळत नाही, आणि मागच्या तिमाहीत किती ठरावांच्या विरोधात मत दिलं. सगळी माहिती फंडांच्या वेबसाईटवर पडलेली आहे, फक्त मराठीत कोणी आणत नाही. आणि फंड मॅनेजरची मुलाखत घेता तेव्हा बाजार कुठे जाईल हे विचारून झालं की पुरवठादारांचं काय तपासता तेवढं विचारा, बाजार कुठे जाईल ते तसंही त्यांना माहीत नसतं. आमच्या कल्याण-डोंबिवली पालिकेने कधी बाँड काढायचं मनावर घेतलं तर तो इंदूरसारखा सगळ्यांसाठी खुला ठेवावा, हे पण छापा, पहिले दहा हजार माझे.

मागच्या सोमवारी तुम्ही ज्या पाच फंडांची शिफारस केली होती त्यांचे हे तीन रकाने मी भरून सोबत जोडलेत. यातल्या दोन फंडांवर मला स्वतःला कमिशन मिळतं, त्यांच्यापुढे खूण केली आहे. तुमच्या लोकांकडून एकदा तपासून घ्या.

आपला,
एक म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर, डोंबिवली (पूर्व)
(नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, कृपया छापू नये.)